वेग कमी करायची विद्या: फोर बाय फोर गाडीच्या पोटातला पीळ

माझ्या भाच्याने तासगावला मारुतीची पाच दरवाजांची जिम्नी घेतली. त्याच्या द्राक्षबागेकडे जाणारा शेवटचा दीड किलोमीटर काळ्या रानातून जातो. जून ते सप्टेंबर त्या वाटेवर ट्रॅक्टरशिवाय काही चालत नाही, म्हणून फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीची, त्याला खरोखरच गरज होती. गाडी दारात येऊन पंधरा दिवस झाले असतील, तोच फोन आला. "मामा, एकतीस इंची टायर टाकायचेत, मागे लॉकर आणि दोन इंच लिफ्ट. तुमच्या ओळखीत कोण करून देईल?" लॉकर म्हणजे एका एक्सलवरची दोन्ही चाकं एकजीव करणारी सोय, आणि लिफ्ट म्हणजे गाडीची बॉडी उंच करणं.

साताऱ्याच्या एमआयडीसीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तुटलेले हाफ शाफ्ट, पिळवटलेल्या स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते), दात उडालेले क्राऊन-पिनियन, सगळं माझ्याकडे येतं. त्यातला बराचसा माल अशाच हौसेच्या गाड्यांचा असतो. मी त्याला म्हटलं, एक रुपया खर्च करायच्या आधी रविवारी गाडी घेऊन ये, आपण दोघं तिच्याखाली झोपू. त्या रविवारी चटईवर उताणं पडून जे बोलणं झालं, तेच इथे नीट मांडून लिहितोय.

इंजिन जे तयार करतं त्याला टॉर्क म्हणतात. मला त्यासाठी आपला 'पीळ' हा शब्द जास्त पटतो, कारण शाफ्टला खरंच पीळच पडतो. हा पीळ क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जातो. दोनच चाकांना जोर मिळणाऱ्या साध्या गाडीत तो तिथून थेट चाकांकडे निघतो. फोर बाय फोरमध्ये मध्ये आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. गिअरच्या दांड्याशेजारची दुसरी छोटी दांडी तिचीच. नेहमीची चाल म्हणजे हाय रेंज आणि संथ, जोरकस चाल म्हणजे लो रेंज, ही निवड त्या दांडीने करायची. या पेटीतून दोन प्रॉपेलर शाफ्ट निघतात, एक पुढच्या एक्सलकडे आणि एक मागच्या. प्रत्येक एक्सलच्या पोटात डिफरेन्शियलचा गोळा असतो आणि त्यातून दोन हाफ शाफ्ट डावी-उजवीकडे चाकांपर्यंत पोचतात. सगळी साखळी एवढीच. पण यातली एक कडी बदलली की जोर तिथे थांबत नाही, पुढच्या कडीवर जाऊन बसतो. भाच्याला मला समजावायचं होतं ते मुख्यतः हेच.

आधी आकड्यांकडे बघू. त्याच्या जिम्नीचं इंजिन जास्तीत जास्त १३४ न्यूटन-मीटर पीळ देतं. हे ऐकून काही कळत नाही, म्हणून असं समजा: एक मीटर लांब पान्याच्या टोकाला तेरा-चौदा किलोचं वजन टांगलं तर नटाला जेवढा पीळ बसेल, तेवढा. शाळेतलं दप्तर जरा जड भरलं तर होईल एवढंच. आता तो पीळ पुढे कसा वाढत जातो ते बघा. पहिला गिअर त्याला साधारण ४.४ पट करतो, लो रेंजमधली ट्रान्सफर केस दुप्पट करते आणि एक्सलमधलं क्राऊन-पिनियन, म्हणजे मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी, साधारण ४.१ पट. तिन्हींचा गुणाकार येतो ३६. म्हणजे एक्सलवर पोचेपर्यंत तोच पीळ चार हजार आठशे न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. घर्षणात थोडा जातो, तो सध्या सोडून देऊ. त्याच मीटरभर पान्याला आता जवळजवळ पाच क्विंटल वजन टांगलंय. या ३६ च्या आकड्याला क्रॉल रेशो म्हणतात आणि ऑफ-रोडिंगच्या गाडीत पहिल्यांदा विचारायचा आकडा हाच.

पिळाच्या बदल्यात वेग द्यावा लागतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं गुरगुरत असताना चाक मिनिटाला बावीसच फेऱ्या घेतं. कंपनीच्या टायरवर ही गाडी मग ताशी तीन किलोमीटरपेक्षाही कमी वेगाने जाते. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालणारी बाई तिला सहज मागे टाकेल. भाच्याला हा कमीपणा वाटला. माझ्या लेखी गाडीची खरी किंमत इथेच आहे. हळू जाणारं चाक चिखलात पाय रोवत जातं, खडकावर चढताना उडी मारत नाही, आणि वाट चुकली तर थांबायला वेळ देतं. उतारावर तर ही चाल सोन्यासारखी आहे. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडून द्या, ब्रेकला पाय लावू नका, इंजिनच तिला धरून ठेवतं. ओल्या जांभ्यावर ब्रेक मारला की चाक लॉक होऊन घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंग ऐकू येत नाही.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, जी मला स्वतःला उशिरा कळली. त्या चार हजार आठशेचा टायरच्या टोकाशी रेटा काढला तर तो चौदाशे किलोच्या वजनाएवढा भरतो. गाडीचं स्वतःचं वजन आहे साधारण बाराशे किलो. म्हणजे लो रेंजमध्ये इंजिन जेवढा रेटा देऊ शकतं, तेवढा पेलायला जमिनीची पकडच पुरणार नाही. एवढ्या रेट्याला चाक फिरून जाईल. इंजिनाची ताकद वाढवायचा खर्च या कामासाठी पाण्यात जातो. कमी पडतात त्या दोन गोष्टी: पकड आणि संथपणा.

आता टायर. मोठा टायर लावला की गाडी उंच दिसते, म्हणून सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. कंपनीचा टायर १९५/८० आर १५, त्याची उंची ६९३ मिलिमीटर. एकतीस इंची म्हणजे ७८७. फरक ९४ मिलिमीटरचा, पण गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, सत्तेचाळीस मिलिमीटर. जमिनीपासून एक्सलपर्यंत टायरचा खालचा अर्धा भागच मोजायचा असतो. हे सत्तेचाळीस मिलिमीटर मात्र खरे कामाचे, कारण सरळ दांड्याचा एक्सल असलेल्या गाडीत डिफरेन्शियलचा गोळा फक्त टायरनेच वर जातो. स्प्रिंगखाली स्पेसर घालून लिफ्ट केली तर बॉडी वर जाते, टायरला फिरायला जागा होते, पण गोळा होता तिथेच राहतो. दगडावर आपटतो तो गोळाच. दोन इंच लिफ्टने "क्लिअरन्स वाढला" म्हणणाऱ्या कितीतरी जणांना मी गाडीखाली वाकून हे दाखवलंय.

मोठ्या टायरची किंमत कुठे मोजावी लागते? सायकलचं मागचं चाक मोठं केलं तर पायडलला जास्त जोर लावावा लागेल, तसंच इथे. टायरची उंची साडेतेरा टक्के वाढली म्हणजे जमिनीवरचा रेटा बारा टक्के घटला, आणि क्रॉल करताना गाडी साडेतेरा टक्के जास्त पळायला लागली. ताशी तीनचे सव्वातीन होतात. आकड्यात ते किरकोळ वाटतं. पण रोजच्या चालवण्यात हा फरक क्लचप्लेट भरते. माझ्या जिप्सीला मी पंधरा वर्षांपूर्वी असेच टायर घातले होते, बाकी काहीच न बदलता. पाटण खोऱ्यात आमचं डोंगरावर रान आहे. तिकडच्या चढावर दरवेळी अर्धा क्लच धरून गाडी चढवायचो. दुसऱ्या पावसाळ्यात भर चढावर जळक्या वासाने गाडी भरली आणि पेडल दाबलं तरी फरक पडेना. खालच्या वाडीतला ट्रॅक्टर येईपर्यंत चार तास पावसात बसलो होतो. गाडीचा स्पीडोमीटरही फसवतो. तो साठ दाखवत असताना गाडी अडुसष्टने चाललेली असते, आणि ब्रेक तेच, जुन्याच टायरच्या हिशोबाचे.

मोठे टायर घालायचेच असतील तर गिअरिंग त्याच कामात बदलायला हवं. साडेतेरा टक्के भरून काढायचे तर ४.१ च्या जागी साधारण ४.६६ चं क्राऊन-पिनियन लागेल. यासाठी दोन जागा आहेत. एक्सलमध्ये बदल केला तर पीळ अगदी शेवटी वाढतो, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याच्या टोकाच्या सांध्यांवर, म्हणजे क्रॉसवर, जादा भार येत नाही. पण पिनियनचे दात कमी होतात, पिनियन बारीक होतं आणि तिथे थोडी ताकद गमवावी लागते. दुसरी जागा ट्रान्सफर केसची. काही गाड्यांसाठी असे गिअर सेट मिळतात की हाय रेंज तशीच राहते आणि फक्त लो आणखी खाली जाते. हमरस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला हा मार्ग चांगला, पण मग वाढलेला पीळ ट्रान्सफर केसच्या पुढच्या सगळ्या कड्यांना सोसावा लागतो.

एक्सलचा मार्ग निवडला तर एक गोष्ट कधीही विसरू नका. पुढचं आणि मागचं रेशो तंतोतंत एकच हवं. गाडी फोर बाय फोरमध्ये टाकली की ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. पुढे ४.१ आणि मागे ४.६६ ठेवलं तर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडत राहतील, आणि तुटेल ते तुमच्या खिशातून जाईल. टायरचंही तसंच. चारही आणि स्टेपनीसुद्धा एकाच मापाची. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर ही चूक फार लोक करतात.

यातच कोरड्या डांबरावर फोर बाय फोर का टाकायचं नाही याचं उत्तर आहे. वळणावर पुढची चाकं बाहेरून मोठा वळसा घेतात, मागची आतून लहान. अंतर वेगळं, पण शाफ्ट एकाच वेगाला बांधलेले. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक पचवतं. डांबरावर घसरता येत नाही, म्हणून फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी धरल्यासारखी चालते, आणि दांडी टू-व्हीलमध्ये परत येत नाही. तशी अडकली तर थोडं सरळ मागे घ्या, पीळ सुटतो. यवतेश्वरचा घाट पावसात ओला आहे म्हणून डांबरावर फोर हाय (हाय रेंजमध्ये चारही चाकं) लावून वळणं घेणारे मी बघितलेत. रस्ता नुसता ओला असला तरी डांबराची पकड बरीच उरते, गाडीला तो त्रासच आहे.

आता लॉकर. त्यासाठी आधी डिफरेन्शियल कशासाठी असतं ते बघू. जुन्या लोकांना खळ्यावरची मळणी आठवत असेल. मधोमध तिवडा, त्याला बैलांची पात बांधलेली. आतला बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि बाहेरच्याला मोठा फेरा घालत पळावं लागतं. दोघं एकाच ओळीत, पण चाल वेगळी. गाडी वळताना एकाच एक्सलवरच्या दोन चाकांचं नेमकं हेच होतं, आणि दोघांना आपापल्या चालीने चालू देण्याची सोय म्हणजे डिफरेन्शियल. ते नसतं तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटत गेलं असतं.

या सोयीची एक अट आहे. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच पीळ देतं. एक चाक हवेत लटकलं किंवा गाऱ्यात गेलं की त्याला फिरवायला जेमतेम पीळ लागतो. मग दुसऱ्या, कोरड्या जागी उभ्या चाकालाही तेवढाच जेमतेम मिळतो. बेवारस चाक गरगर फिरतं आणि शहाणं चाक नुसतं उभं राहतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं एकदम उचललं गेलं तर फोर बाय फोर असूनही गाडी जागची हलत नाही. अशा तिरक्या खड्ड्यात पहिल्यांदा अडकलेला माणूस गाडीत बिघाड आहे असं समजून फोन करतो.

सांगली-साताऱ्यात मात्र हे समजावणं सोपं जातं, कारण ट्रॅक्टर चालवलेल्या प्रत्येकाने डिफ लॉकचं पेडल दाबलंय. ऊसाने भरलेली ट्रॉली फडातून काढताना एक चाक रुतलं की टाचेने ते पेडल दाबायचं, दोन्ही चाकं एकजीव होतात, ट्रॉली निघते, आणि वळायच्या आधी पाय काढायचा. गाडीचा लॉकर म्हणजे तेच. ट्रॅक्टरची हाय-लो दांडी म्हणजे गाडीची ट्रान्सफर केस. भाच्याला हे सांगितल्यावर तो उठून बसला. "मग हे मला येतंच की!" खरंच येत होतं. त्याच्या वडिलांनी त्याला बाराव्या वर्षी शिकवलं होतं.

लॉकरचे प्रकार बरेच आहेत. त्याच्या जिम्नीत कंपनीनेच एक इलेक्ट्रॉनिक उपाय दिलाय. फिरणाऱ्या चाकाला गाडी आपोआप ब्रेक लावते, त्यामुळे त्या चाकाला फिरायला पीळ लागतो आणि तेवढाच दुसऱ्या चाकाला पोचतो. सुरुवातीला दोन सेकंद काहीच होत नाही असं वाटतं. तेवढ्यात लोक पाय काढून घेतात. थोडा दम धरून ॲक्सिलरेटर स्थिर ठेवला तर चाक धरतं. थार गाडीच्या काही मॉडेलमध्ये मागे यांत्रिक लॉकर येतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की तो स्वतःहून धरतो. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक कंपनीतूनच येतात, त्या बाबतीत ती गाडी ट्रॅक्टरच्या सगळ्यात जवळची. बाहेरून बसवायचे हवेचे किंवा विजेचे लॉकर मिळतात, बटण दाबून चालू-बंद करता येतात. काही मिस्त्री डिफरेन्शियलच्या आतल्या गिअरला सरळ वेल्डिंग मारून देतात. स्वस्त पडतं. अशी गाडी रस्त्यावर आणू नका, एवढंच मी हात जोडून सांगेन. घाटातल्या ओल्या वळणावर ती सरळच जायला बघते.

एकच लॉकर बसवायचा तर तो मागे. चढावर वजन मागच्या चाकांवर येतं, पकड तिथेच असते. पुढे लॉकर लावला की स्टिअरिंग लाकडासारखं होतं, आणि वळलेल्या चाकाच्या जॉइंटवर सगळा भार येतो. आडव्या उतारावर, म्हणजे गाडी एका बाजूला कललेली असताना, लॉकर सोडून द्या. दोन्ही चाकं एकदम फिरली तर मागचा भाग उताराच्या बाजूला सरकतो. साध्या डिफरेन्शियलमध्ये निदान एक चाक न फिरता गाडीला जागेवर धरून ठेवतं.

आता त्या साखळीकडे परत येऊ. मोठा टायर घातला, गिअरिंग खाली आणलं, लॉकर लावला. एक चाक खडकाच्या फटीत अडकलंय आणि बाकीची हवेत किंवा चिखलात. आधी पीळ चारात वाटला जायचा, वरून निसटती चाकं त्याला मोकळी वाट करून द्यायची. आता तो सगळा त्या एकाच हाफ शाफ्टमधून जाऊ बघतो. माझ्या टेबलावर येणारे शाफ्ट बहुतेक असेच गेलेले असतात. तुटण्याआधी ते सांगतात, फक्त बघावं लागतं. शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइनवर नजर टाका. दात सरळ रेषेत असायला हवेत. किंचित जरी मळसूत्रासारखे वळलेले दिसले तर तो शाफ्ट पुन्हा घालू नका, पुढच्या खेपेला तो डोंगरात तुटेल.

आमच्या गल्लीत सैन्याच्या ईएमईतून, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले एक हवालदार काका राहतात, मूळचे मिलिटरी अपशिंग्याचे. जोंगा, शक्तिमान, जिप्सी या सगळ्या लष्करी गाड्या त्यांच्या हातून गेल्यात. त्यांचं एक म्हणणं मी वर्कशॉपमध्ये रोज वापरतो: "तुटायचंच असेल तर स्वस्तातलं तुटू दे." प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस रस्त्याकडेला बसून तासाभरात बदलता येतो. क्राऊन-पिनियन गेलं तर गाडी टोइंगने आणावी लागते. म्हणून हाफ शाफ्ट कणखर पोलादाचे घातले की काम झालं असं नाही. मग पुढची कमकुवत कडी कोणती, हे आधी ठरवून ठेवा. त्या कडीचा सुटा भाग आणि पाने गाडीत असू द्यात.

लिफ्टची गोष्टही इथेच येते. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना क्रॉस असतात. क्रॉस कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा पुढे-मागे होतो. वीस अंशांच्या कोनात हा फरक सहा टक्क्यांपर्यंत जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात उलटा बसलेला असला तर तो फरक पुसून टाकतो. कंपनी ते कोन जुळवूनच गाडी देते. लिफ्ट केल्याने कोन वाढतात, बऱ्याचदा जुळणीही बिघडते, आणि पन्नासच्या पुढे गाडीच्या तळाशी घरघर सुरू होते. माझ्या जिप्सीला एका ठिकाणी लिफ्ट करून घेतली होती. पिनियनचा कोन कोणी बघितलाच नव्हता. वर्षभरात तीन क्रॉस आणि ट्रान्सफर केसचं एक सील गेलं. मग मी स्वतः लेथवर पाचर काढून एक्सल थोडा फिरवला, तेव्हा घरघर थांबली. लिफ्ट करून देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: शाफ्टचे कोन मोजून देणार का?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम सांगायचं राहिलंच. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सलला एकेक ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर जायची छोटीशी नळी. गाडी पळून एक्सल तापलेला असतो. तशीच ओढ्याच्या गार पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. गिअर ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ते दुधाच्या चहासारखं होतं आणि बेअरिंगचं आयुष्य संपतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगलीच्या किती गाड्यांचं इंजिन धुऊन-पुसून सुरू करून दिलं गेलं आणि एक्सलचं ऑइल तसंच राहिलं. सहा महिन्यांनी त्यांचे गोळे रडत माझ्याकडे आले. उपाय अगदी साधा. तेलाला टिकणारा चांगल्या प्रतीचा पाइप घ्या, ब्रीदर बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्या, टोकाला फिल्टर लावा. पाइप स्प्रिंगच्या हालचालीत ताणला जाणार नाही एवढा ढिला सोडा. याने वाहत्या पाण्यात जायचा परवाना मिळत नाही. पुलावरून किंवा फरशीवरून पाणी जात असेल तर गाडी अलीकडेच थांबवा, ब्रीदर कितीही उंच असला तरी वाहतं पाणी अख्खी गाडी ढकलून नेतं.

त्याच्या जोडीला टायरची हवा. चिखलात शिरण्याआधी ती अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवा. टायर लांबट पसरतो, जमिनीवर जास्त टेकतो, दगडाला धरून चढतो. परत डांबरावर यायच्या आधी पंपाने भरा, कमी हवेवर वेगाने पळवलेला टायर तापून फुटतो. आपल्या भागात मातीही तालुक्यागणिक बदलते. वाळवा-पलूसकडची काळी माती टायरच्या नक्षीत भरून टायरचा गुळगुळीत गोळा करते. तिथे मोठ्या खाचांची नक्षी लागते, आणि अधूनमधून चाक जरा जोरात फिरवून माती झाडावी लागते. पाटण-जावळीकडची तांबडी माती वरून साबणासारखी आणि खाली कडक, तिथे उलट संथ जावं लागतं.

कायद्याचं बोलणं टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकात नोंदलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीही अपघाताच्या दाव्यात हरकत घेऊ शकते. काही करायच्या आधी एमएच-११ असो की एमएच-१०, आपल्या आरटीओत जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि ही गाडी कुठे न्यायची? कासच्या सड्यावर नाही. चाळकेवाडीच्या सड्यावरही वाट सोडून नाही. जांभ्याच्या कातळावर माती बोटभर असते. त्याच बोटभर मातीत सीतेची आसवं, सोनकी, तेरडा उगवतात. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. चिखलात एकदा उमटलेला टायरचा चर पाणी वाहून आणखी खोल करतं, आणि तिथली माती परत जमायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. कोयना-चांदोलीचं जंगल व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे तर प्रश्नच नाही. स्वतःचं पडीक रान असेल, मालकाला विचारून घेतलेली माळाची जागा असेल, तिथे शिका. भाच्याची बागेची वाट ही त्याच्या गाडीसाठी सगळ्यात चांगली शाळा आहे.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून त्याचे ब्रीदर वर नेले. टायर त्याने २१५/७५ आर १५ घेतले, ऑल-टेरेन, कंपनीच्याच रिमवर, स्टेपनीसकट पाच. उंची जेमतेम दहा मिलिमीटर वाढली, म्हणून गिअरिंगला हात लावायची गरज पडली नाही. नक्षी मात्र चिखलाची मिळाली. लिफ्ट नाही, लॉकर नाही. उरलेल्या पैशांतून हवेचा पंप, ओढायचा पट्टा आणि तो अडकवायच्या दोन लोखंडी कड्या, म्हणजे शॅकल, आले.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. बागेच्या वाटेवर पहिल्यांदा रुतला होता तो, कारण फोर लो लावायचं विसरला होता. मग हवा उतरवली, दांडी लो मध्ये घातली, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला आणि ॲक्सिलरेटरला हात-पाय न लावता गाडी स्वतःच्या चालीने बाहेर आली. पाऊस संपल्यावर तो पुन्हा साताऱ्याला आला. आम्ही दोन्ही एक्सलचे ड्रेन प्लग उघडून थेंबभर ऑइल तळहातावर घेतलं. मधासारखं स्वच्छ होतं. प्लग परत घट्ट केले.